टिचकी

"घड्याळजीचं दुकान काढतोयस की काय?" परवा चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता आईने विचारलं.

तिची काही चूक नाही. स्क्रीनवर चार गोल तबकड्या होत्या आणि त्यातल्या एकीचा काटा गरागरा उलटा फिरत होता. मी म्हटलं, "आई, ही घड्याळं नाहीत गं, विमानातले मीटर आहेत." ती म्हणाली, "मग विमान कुठाय?" ह्यावर मी गप्प. कारण विमान अजून झालेलंच नाही. २०२० पासून मी नुसते मीटरच करतोय.

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नेहमीचे लोक विचारत होते की काय चाललंय, म्हणून आज सविस्तर सांगून टाकतो. थोडं तांत्रिक आहे, थोडं घरगुती आहे. ज्यांना तांत्रिक भागाचा कंटाळा येईल त्यांनी सरळ खाली जीपपाशी जावं. नाशिकच्या आत्याने मात्र सावकाश वाचावं, कारण पुढे जे आहे ते तिला माहीत असलं तरी सगळं माहीत नाही.

माझं जव्हारात छोटंसं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, लॅमिनेशन. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की त्याच कॉम्प्युटरवर माझं दुसरं दुकान सुरू होतं. फ्लाइटगिअर नावाचा एक विमान चालवायचा सिम्युलेटर आहे. १९९७ पासून जगभरचे हौशी लोक तो मिळून बांधतायत, आणि तो फुकट आहे. मॉडेल बनवायला ब्लेंडर, तेही फुकट. ब्लेंडरची गंमत म्हणजे ती बनवणारी कंपनी बंद पडल्यावर लोकांनी २००२ साली सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी गोळा करून ते सोडवून आणलं आणि सगळ्यांसाठी मोकळं केलं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जमवणाऱ्यांना ह्याचं विशेष कौतुक वाटायला हरकत नाही.

मी करतोय ते पस मॉथ विमानाचं कॉकपिट. हेच का? तर १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोडवरून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले, ते ह्याच जातीच्या विमानातून. एका इंजिनाचं, वर पंख असलेलं छोटं विमान. रेडिओ नाही, काही नाही. समोर मोजके मीटर आणि खाली दिसणारी जमीन, एवढ्यावर सगळं. जुहूहून पुढे बल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्टसेंटने नेलं. आता अहमदाबादहून जुहूला यायचं म्हणजे आजच्या आपल्या पालघर जिल्ह्याला बगल देऊन कसं येणार? (तेव्हा अर्थात पालघर जिल्हा नव्हता, तो २०१४ साली झाला. आणि जव्हार तर तेव्हा संस्थान होतं.) आपल्या अंगणावरून गेलेलं विमान म्हणून मी ते निवडलं. तसा जव्हारचा विमानाशी दुसराही एक धागा आहे. आमचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, असं जुनी माणसं अजून सांगतात. पण मी राजा नाही, आणि माझं विमान जमिनीवरून हलत नाही.

आता मीटर कसा करतात ते सांगतो. ब्लेंडरमध्ये आधी एक चपटी तबकडी करायची. तिच्यावर आकड्यांचं चित्र चिकटवायचं, ते मी इंकस्केपमध्ये काढतो. मग काटा. काटा वेगळा ठेवायचा, तबकडीला जोडायचा नाही, आणि त्याला नाव द्यायचं. बायंडिंगच्या दुकानात जसं प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावतात तसं. कारण काटा ब्लेंडरमध्ये फिरवायचा नसतोच. फिरवायचं काम सिम्युलेटर करतो, आणि त्याला एका साध्या एक्सएमएल फायलीत लिहून सांगावं लागतं: अमुक नावाची वस्तू, तमुक आकड्याप्रमाणे, ह्या आसाभोवती, ह्या मध्यबिंदूवर फिरव.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी मध्यबिंदू चुकवला. इंजिन सुरू केलं आणि वेगाचा काटा तबकडीवरून निघून वैमानिकाच्या मांडीवरून एक प्रदक्षिणा घालून परत आला. दुसऱ्या दिवशी चिन्ह चुकलं, अधिकाच्या जागी उणे. मग विमान जसं पळू लागलं तसा काटा शून्याच्या मागे मागे जाऊ लागला, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. तिसऱ्या दिवशी सगळं बरोबर, तर आकडा चुकीचा. सिम्युलेटर वेग नॉट्समध्ये देतो आणि माझी तबकडी होती ताशी मैलांची. एका नॉटचे १.१५ मैल होतात. तेवढा गुणाकार टाकल्यावर काटा जागेवर आला.

वेगाच्या मीटरची आणखी एक खोड आहे. तो खरं म्हणजे वेग मोजत नाही, तो वाऱ्याचा दाब मोजतो. विमानाच्या बाहेर एक नळी समोर तोंड करून असते, तिच्यात वारा घुसतो, आणि त्या दाबाने आतली पत्र्याची पोकळ डबी फुगते. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून साध्या जुन्या मीटरवर खालचे आकडे खेटून बसलेले असतात आणि वरचे ऐसपैस. काटा सरळ गुणाकाराने फिरवला तर तो अशा तबकडीवर कधीच बरोबर दाखवणार नाही. त्यासाठी एक तक्ता द्यावा लागतो, एवढ्या वेगाला एवढे अंश. मी असे अकरा टप्पे दिले, तेव्हा जमलं.

उंचीच्या मीटरवरून बाबांचा आणि माझा वाद झाला होता. ते म्हणाले, "हा जमिनीपासून किती वर ते सांगतो ना?" मी म्हटलं, "नाही, समुद्रापासून. त्यातही हवेच्या दाबावरून." जव्हार समुद्रसपाटीपासून पंधराशे फुटांच्या आसपास आहे. म्हणजे जव्हारच्या पठारावर विमान नुसतं उभं केलं तरी काटा पंधराशेवर. बाबा हसले. "मग आपण इथे जन्मापासून पंधराशे फुटांवर उडतोय की! उगाच तिकीट कशाला काढायचं?"

आता जीप.

बाबांनी जवळजवळ तीस वर्षं जव्हार-मोखाडा जीप चालवली. बाजाराच्या दिवशी खोडाळ्यापर्यंत आणि सणावाराला पार त्र्यंबकपर्यंत. आत किती माणसं असत ते लिहीत नाही, काही वाचक सरकारी नोकरीत आहेत. मी लहानपणी सुट्टीत पुढे, बाबांच्या डाव्या हाताला कोंबून बसायचो. त्या जीपचा वेगाचा काटा कधीच मेला होता. बाबांना त्याचं काही वाटत नसे, इंजिनाच्या आवाजावरून कळतं म्हणत. पण डिझेलचा काटा जिवंत होता, फक्त आळशी होता. घाट लागायच्या आधी बाबा उजव्या हाताच्या मधल्या बोटाने काचेवर टिचकी मारायचे. काटा दचकून खाली यायचा आणि खरं काय ते सांगायचा. मला तो जादूचा खेळ वाटायचा. मीही मारून बघायचो, पण बाबांच्या टिचकीनंतर माझ्या टिचकीला काटा हलायचा नाही.

"काट्यावर विश्वास ठेवायचा," बाबा सांगायचे, "पण आधी टिचकी मारायची."

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जीपही बंद, दुकानही बंद. तेव्हा मी हे मीटर करायला घेतले आणि बाबा शेजारी खुर्ची टाकून बसू लागले. त्यांना कॉम्प्युटर येत नाही, पण काटे येतात. मी तेलाच्या दाबाचा मीटर करत होतो. इंजिन सुरू केलं आणि काटा टक्कन शून्यावरून वर गेला. मी खूश. बाबा म्हणाले, "हा खोटा आहे."

"का? आकडा बरोबर आहे बाबा."

"आकडा बरोबर असेल. काटा खोटा आहे. खरा काटा असा उडी मारत नाही, तो सरकतो. आणि सकाळी थंड गाडीला तेल घट्ट असतं, दाब जास्त दाखवतो. तोरंगणचा घाट चढून इंजिन तापलं की उतरतो. तुझा उतरतच नाही."

मी शोधलं, तर दोन्ही गोष्टी बरोबर. तेलाच्या दाबाच्या साध्या मीटरमध्ये एक चपटी पोकळ नळी असते, वर्तुळात वाकवलेली. आत दाब वाढला की ती उलगडायला बघते. जत्रेत फुंकायची कागदी शेपटी मिळते ना, फुंकल्यावर सरळ होणारी, तसंच. नळीच्या टोकाला दांडी, दांडीला दातेरी तुकडा, त्याला काटा. यूजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली ही युक्ती शोधली आणि आजही ती जशीच्या तशी चालू आहे. तेल त्या नळीपर्यंत बारीक वाटेने पोचतं, म्हणून काटा सरकत जातो. सिम्युलेटरमध्ये हे करायला एक फिल्टर लावतात. काटा आत्ता कुठे आहे आणि त्याला कुठे जायचंय ह्यातल्या अंतराचा थोडासा हिस्साच दर वेळी पुढे सरकायचा. मी तो लावला. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "आता आला जिवात जीव."

हे झालं २०२१ च्या मार्चमध्ये. एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला.

त्या दिवसांबद्दल मी आजवर काहीच लिहिलेलं नाही. सगळ्यांच्याच घरात ते दिवस येऊन गेलेत, आपलं काय वेगळं सांगायचं. दोन दिवस ऑक्सिमीटरचा आकडा नव्वदच्या वर-खाली करत होता, तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी झाला. जागा मिळेना. आत्याच्या ओळखीने शेवटी एका छोट्या दवाखान्यात खाट मिळाली. मोखाडा ओलांडून, तोरंगणचा घाट चढून, त्याच रस्त्याने बाबांना घेऊन गेलो. पहिल्यांदाच ते मागे आडवे आणि गाडी दुसरा कुणीतरी चालवत होता. घाटात त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि "दुसऱ्यात घे" म्हणाले. ड्रायव्हरने खरंच गिअर बदलला.

त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशकातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून दाब पडला आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर शहरात प्रत्येक नातेवाइकाचं लक्ष भिंतीकडे आणि सिलिंडरकडे. आमच्या दवाखान्यात मोठे सिलिंडर होते, खाटेशेजारी उभे केलेले. रात्री दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय, पेशंट त्यांच्या आवाक्याबाहेर. सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही इथेच आहात तर काट्याकडे बघत राहा. तीसच्या खाली आला की हाक मारा."

मी बघितलं, तर तबकडी. गोल, पांढरी, एक काटा. आत तीच वाकडी नळी. महिनाभर मी जी काढत होतो ती.

रात्री नऊला काटा ११० वर होता. भरलेला मोठा सिलिंडर साधारण १५० किलो दाबाचा, आणि आत सात हजार लिटर ऑक्सिजन. दाब जेवढा उरला तेवढ्या हिश्शाने वायू उरला, हे त्रैराशिक शाळेतलंच. म्हणजे पाच हजार एकशे लिटरच्या आसपास. बाबांना मिनिटाला दहा लिटर चालू होता. पाचशे दहा मिनिटं, साडेआठ तास. पहाटे साडेपाचला संपणार. वॉर्डबॉयला विचारलं, भरलेले सिलिंडर कधी येतात? म्हणाला, "गाडी सकाळी सहा-सातला. आत्ता एकही शिल्लक नाही."

मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला आणि सिस्टरना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, हे मी विसरणार नाही. अकरा वाजता काटा ८४ वर, माझ्या हिशेबाप्रमाणेच. एक वाजता साठच्या जरा खाली. तेव्हा बाबांचा आकडा पंचाण्णव दिसत होता. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला, कागदावरचे आकडे वाचून दाखवले, आणि विचारून प्रवाह दहावरून सातवर आणला. पुढचा अर्धा तास त्या तिथेच उभ्या राहून बाबांचं बोट बघत होत्या. आकडा त्र्याण्णववर टिकला. नवा हिशेब: सकाळी साडेसात. गाडी येईपर्यंत पुरेल.

साडेचारला काटा बत्तीसवर दिसला. हिशेबाने सत्तावीस हवा होता. मला इतका आनंद झाला, म्हटलं, पाच किलो जास्त आहे! आणि मग माझा हात आपोआप पुढे गेला. मधल्या बोटाने काचेवर टिचकी मारली. काटा दचकला आणि सत्तावीसवर आला.

मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी वॉर्डबॉयला गाडीवाल्याला फोन करायला लावला. गाडी सव्वासहाला आली. काटा दहाच्या जरा वर होता. सिलिंडर बदलायला दीड मिनिट लागलं. ते दीड मिनिट माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब आहे. बाबा झोपले होते, त्यांना ह्यातलं काहीच कळलं नाही.

आत्या, त्या सकाळी तू डबा घेऊन आलीस आणि मी जिन्यात बसून रडत होतो, तेव्हा तुला वाटलं काहीतरी वाईट झालं. काही वाईट झालं नव्हतं. नुसता काटा परत वर गेला होता.

बाबा सतरा दिवसांनी घरी आले. पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही. घाटाची जीप त्यांनी सोडली. पुढच्या वर्षी जीप भंगारात गेली. देण्याआधी मी डॅशबोर्डचे दोन्ही मीटर काढून घेतले. मेलेला वेगाचा मीटर खोलून पाहिला. आत एक लोहचुंबक, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीला ओढ लागते आणि स्प्रिंग तिला धरून ठेवते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्प्रिंग शाबूत होती. बाहेरून येणारी केबल तेवढी तुटलेली. बाबा म्हणाले, "म्हणजे हा कधी मेलाच नव्हता. त्याला कुणी काही सांगतच नव्हतं." मी काही बोललो नाही.

त्यानंतर बरेच महिने मी ब्लेंडर उघडलं नाही. त्या तबकड्या बघवत नसत. दिवाळीत बाबांनीच विचारलं, "तुझं ते तेलाचं मीटर चालतंय का अजून?" पुन्हा सुरू झालं. चारही मीटर आता चालतात. गेल्या आठवड्यात मी अहमदाबादहून उड्डाण केलं (मीटर माझे, विमान दुसऱ्याचं उसनं). किनारा धरून डहाणूपर्यंत आलो आणि मग जे. आर. डीं.ची माफी मागून डावीकडे वळलो. जव्हारचं पठार समोर उठलं. सिम्युलेटरमध्ये ना जयविलास पॅलेस, ना दाभोसा धबधबा, नुसते हिरवे-तपकिरी चढ-उतार. पण डोंगर जिथे असायला हवेत तिथे आहेत. उंचीचा काटा अडीच हजारावर होता, म्हणजे घराच्या कौलांपासून फक्त हजार फूट. बाबा वाकून बघत होते. "मोखाड्याचा रस्ता दाखव," म्हणाले. रस्ता काही दिसला नाही, पण दऱ्यांवरून त्यांनी तो बोटाने आखून दाखवला.

आता उरलंय एकच काम, परवा आईने पाहिलं तेच. मीटरच्या काचेवर माउसने क्लिक केलं की काटा किंचित अडकलेल्या जागेवरून सुटून खऱ्या आकड्यावर यावा, असं मला करायचंय. जुने वैमानिकही काचेला टिचकी मारायचे. ते करताना चिन्ह पुन्हा चुकलं आणि काटा उलटा फिरत सुटला. काल रात्री दुरुस्त केलं. बाबांना बोलावलं, माउस हातात दिला आणि म्हटलं, "मारा टिचकी."

त्यांनी माउस बाजूला सारला. पुढे वाकले आणि मधल्या बोटाने सरळ स्क्रीनच्या काचेवर टिचकी मारली.

"नाही हलला," ते म्हणाले.

मी टेबलाखालून हळूच क्लिक केलं.

असो. दुकान उघडायची वेळ झाली, बाहेर दाखल्यांसाठी पोरं उभी आहेत. विमानाचे पंख कधी होतील ते माहीत नाही. आईला सांगितलंय, दिवाळीपर्यंत.